'मूळव्याधच असेल'

(१९८४च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात दुसऱ्या दिवशी सकाळी केलेल्या भाषणावरून)



संयोजकांनी मला फोनवर सांगितलं होतं, "अर्धा तास बोल, आरोग्यावर, पण हलकंफुलकं हवं. लोक काल रात्री उशिरापर्यंत गाण्यांच्या भेंड्या खेळलेले असणार." मी हो म्हणालो आणि विषय कळवला नाही. कळवला असता तर जेवणाच्या आधीची ही वेळ मला मिळाली नसती. आज मी संडासाबद्दल बोलणार आहे. आपल्याला शास्त्र शिकवणाऱ्या बाई पहिल्या रांगेत बसल्या आहेत, त्यामुळे तोंडातून हा शब्द काढताना इतकी वर्षं सर्जरी करूनही मला चोरट्यासारखं वाटतंय. पण बाई, याची सुरुवात तुमच्याच वर्गात झाली.

आठवीला तुम्ही फळ्यावर पचनसंस्थेची आकृती काढायचात. अन्ननलिका, जठर, मधे गुंडाळलेलं लहान आतडं, आणि त्याच्याभोवती फोटोच्या चौकटीसारखं मोठं आतडं. उजवीकडून वर चढतं, आडवं जातं, डावीकडून खाली उतरतं. लांबी साधारण दीड मीटर. आम्ही रंगीत पेन्सिलीनं ती चौकट तपकिरी रंगवायचो आणि मागच्या बाकावर जो काही हशा व्हायचा तो तुम्ही ऐकला नाही असं दाखवायचात. ती चौकट जरा डोळ्यांसमोर आणा. आज मला जे सांगायचं आहे ते सगळं त्या चौकटीत बसतं.

मी एक वही ठेवतो. प्रॅक्टिस सुरू केली तेव्हापासून, मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ज्याचं ज्याचं ऑपरेशन माझ्या हातून झालं किंवा मी पुढे पाठवलं, त्याची एक ओळ. वय, गाव, गाठ चौकटीच्या कोणत्या बाजूला, ऑपरेशन काय, पुढे काय झालं. सुरुवातीला यात काही शास्त्रीय हेतू नव्हता. आपल्या शाळेत हजेरीचा मस्टर घेऊन जाण्याचं काम माझ्याकडे असायचं, ती सवय म्हणा. पण काही वर्षांनी वही चाळताना मला दिसलं की गाठ चौकटीत कुठे आहे यावर माणूस माझ्याकडे कसा येतो हे ठरतं. जवळजवळ प्रत्येक वेळी.

उजव्या बाजूची माणसं थकून येतात. चौकटीच्या उजव्या भागात आतडं रुंद असतं आणि आतला मळ पातळ असतो. त्यामुळे गाठ लिंबाएवढी झाली, पेरूएवढी झाली, तरी काही अडत नाही. ती फक्त झिरपत राहते. रोज चमचाभर रक्त, तेही मळात मिसळलेलं, डोळ्यांना न दिसणारं. आणि बाई माणूस म्हणते, "डॉक्टर, जिना चढवत नाही." माझ्या वहीत शेजारच्या तालुक्यातल्या एका आजी आहेत. वर्षभर त्यांना लोहाच्या गोळ्या, मग लाल टॉनिक, मग इंजेक्शनं, मग रक्ताच्या बाटल्या, असं चाललं होतं. हिमोग्लोबिन चढायचं आणि दोन महिन्यांत उतरायचं. घरचे म्हणत, वय झालं, खात नाहीत. टाकीला भोक असताना आपण नळ सोडून बसलो होतो. भोक कुठे आहे हे कोणी पाहिलं नाही, कारण बायकांचं रक्त कमी असणं हे आपल्याकडे नैसर्गिकच मानलं जातं. पाळी गेलेल्या बाईचं आणि कुठल्याही वयाच्या पुरुषाचं रक्त कमी झालं, आणि त्यात लोह कमी आहे असं निघालं, तर आतड्याची तपासणी करायची असते. गोळ्या द्याच, पण तपासणीही करा.

याच कोपऱ्यात आपल्या देशात आणखी एक घोळ होतो. लहान आतडं मोठ्या आतड्याला जिथे मिळतं तिथे क्षयाचीही गाठ होते. हाताला दोन्ही सारख्याच लागतात, सोनोग्राफीतही जवळजवळ सारख्याच दिसतात. टीबी समजून सहा-सहा महिने औषधं घेतलेले कॅन्सरचे रुग्ण मी पाहिले आहेत, आणि कॅन्सर समजून घाबरलेल्या एका मास्तरांना "टीबी आहे" असं सांगितल्यावर त्यांनी दवाखान्यात पेढे वाटलेलेही पाहिले आहेत. तुकडा काढून तपासल्याशिवाय यातलं काहीच छातीठोक सांगता येत नाही.

डाव्या बाजूची माणसं बहुतेक रात्री येतात. तिथे आतडं अरुंद, मळ घट्ट. गाठ अंगठीसारखी चारी बाजूंनी वाढते आणि भोक बारीक करत जाते. काही महिने बद्धकोष्ठ, मधेच जुलाब, पुन्हा बद्धकोष्ठ. घरात चूर्ण असतंच, एरंडेल असतं. आपण मराठी माणसं 'पोट साफ होणं' या गोष्टीवर जितकं बोलतो तितकं बहुधा कुठलाही समाज बोलत नसेल, पण ते सगळं बोलणं चूर्णापाशी संपतं. आणि मग एका रात्री काहीच पुढे सरकत नाही. पोट नगाऱ्यासारखं फुगतं, उलट्या सुरू होतात, आणि जीपमधून माणूस येतो. अशा वेळी केलेलं ऑपरेशन हे सवडीनं केलेल्या ऑपरेशनपेक्षा फार वेगळं असतं. आतडं फुगून कागदासारखं पातळ झालेलं, माणूस सुकलेला. जोड घालायचा धीर होत नाही. पोटावर तोंड काढून, पिशवी लावून बाहेर यावं लागतं. नातेवाईक विचारतात, "काल तर चांगला चालत होता." हो, चालत होता.

आणि तिसरी माणसं, आपल्याकडे सर्वांत जास्त दिसणारी, ती म्हणजे चौकटीच्या अगदी शेवटच्या भागातली. बाईंच्या आकृतीत त्याला मलाशय लिहिलेलं असायचं, आम्ही गुदाशय म्हणतो. लांबी वीतभरापेक्षाही कमी. युरोप-अमेरिकेत एकूण गाठींमध्ये वरच्या आतड्याचा वाटा मोठा असतो. आपल्या रुग्णालयांतून मात्र गुदाशयाच्या गाठी पुढे असतात. यांना रक्त दिसतं. लाल, समोर, संडासात. म्हणजे या लोकांना सूचना सर्वांत आधी आणि सर्वांत स्पष्ट मिळते. आणि माझ्या वहीत सर्वांत उशिरा येणारे तेच आहेत.

वहीत एक रकाना मी नंतर वाढवला: पहिला त्रास झाल्यापासून माझ्यापर्यंत पोचायला किती दिवस लागले. त्या रकान्यात दिवस मी क्वचितच लिहिले आहेत. आठवडेही फार नाहीत. महिनेच आहेत.

का, ते तुम्हाला माहीत आहे. कारण रक्ताला आपल्याकडे एक तयार नाव आहे. मूळव्याध. कुठल्याही एसटी स्टँडच्या भिंतीवर पाहा, 'विना ऑपरेशन', 'एका इंजेक्शनात', 'गॅरंटी'. मूळव्याध हा काही खोटा आजार नाही. संडासातून रक्त पडणाऱ्या बहुतेक माणसांना तोच असतो, किंवा फिशर असतं, हे मी तुम्हाला घाबरवू नये म्हणून मुद्दाम सांगतो. अडचण अशी आहे की मूळव्याध आणि कॅन्सर एकाच माणसाला, एकाच वेळी, एकाच जागी असू शकतात. बाहेरून मूळव्याध दिसला की पाहणारा थांबतो. आत आणखी चार बोटांवर काय आहे हे पाहत नाही. आणि यासाठी यंत्र लागत नाही. गुदाशयातल्या बऱ्याच गाठी हातमोजा घातलेल्या बोटाला लागतात. सात-आठ सेंटिमीटरपर्यंत बोट पोचतं, आणि वेळ लागतो अर्धा मिनिट. आमच्या शिक्षकांचं म्हणणं असायचं की बोट घातलं नाहीस तर पाय घालशील, म्हणजे खड्ड्यात. तरीही ही तपासणी होत नाही. रुग्ण लाजतो, आणि खरं सांगायचं तर डॉक्टरही लाजतो, घाईत असतो, ओपीडीत पडदा नसतो, बाई असेल तर सोबत नर्स नसते. मग चिठ्ठीवर मलम लिहिलं जातं.

आता मला जे सांगायचं आहे ते सांगतो. ते सांगण्यासाठी मी वहिनींची परवानगी घेतली आहे. त्या आज आल्या आहेत.

आपल्या तुकडीच्या फोटोत उभे राहिलेल्यांच्या रांगेत माझ्या डावीकडे जो आहे, त्याला तुम्ही सगळे ओळखता. कालच्या श्रद्धांजलीत त्याचं नाव घेतलं गेलं, म्हणून मी पुन्हा घेत नाही. आठवी ते दहावी आम्ही एका बाकावर होतो. २०१६च्या पावसाळ्यात एका दुपारी त्याचा फोन आला. तेव्हा तो नोकरीनिमित्त दुसऱ्या जिल्ह्यात होता. मी एक ऑपरेशन संपवून दुसऱ्यासाठी हात धुवायला निघालो होतो. तो म्हणाला, "अरे, पंधरा दिवस झाले, जरा रक्त पडतंय." मी विचारलं, दुखतं का? नाही म्हणाला. मी म्हणालो, "मूळव्याधच असेल. तिखट कमी कर, रात्री इसबगोल घे, पाणी पी. आणि एकदा येऊन जा." बस. फोन दोन मिनिटांचाही झाला नसेल.

ते 'एकदा येऊन जा' मी कसं म्हणालो ते मला नीट आठवतं. रस्त्यात भेटलेल्या माणसाला आपण 'या एकदा घरी' म्हणतो ना, तसं. दुखत नाही हे उत्तर मिळाल्यावर मी जास्त सावध व्हायला हवं होतं. न दुखणारं रक्त, नव्यानं सुरू झालेलं, सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षांच्या माणसाला. हे मी विद्यार्थ्यांना शिकवतो. समोर अनोळखी रुग्ण असता तर मी त्याला टेबलावर झोपवल्याशिवाय घरी सोडलं नसतं. मित्र होता, म्हणून फोनवर भागवलं.

पुढे काय झालं ते मला नंतर कळलं. इसबगोलनं पोट जरा बरं झालं, रक्त कमी झालं. अशा गाठीचं रक्त मधे थांबतंही. पुन्हा सुरू झालं तेव्हा वहिनी म्हणाल्या दाखवून या, तर तो म्हणाला, "डॉक्टरशी बोलणं झालंय माझं." कचेरीतल्या लोकांनी विचारलं, त्यांनाही तेच. माझं ते एक वाक्य त्यानं आठ महिने दाखल्यासारखं वापरलं. दिवसातून पाच-सहा वेळा जावं लागत होतं, जाऊन आल्यावरही अजून राहिल्यासारखं वाटत होतं. कुंथल्यावर नुसती आव आणि रक्त. ही गुदाशयातल्या गाठीची अगदी पुस्तकी खूण आहे.

पुढच्या उन्हाळ्यात तो एका लग्नाला इथे आला. मांडवात मला भेटला. पट्ट्याला नवीन भोक पाडलं होतं, ते मला आधी दिसलं. मी त्याला पंगतीतून उठवून दवाखान्यात नेलं. तो वाटभर थट्टा करत होता. बोटाला ती गाठ लागली. कडक, कडा उचललेल्या, मधे खळगा. मी मोजा काढला आणि बेसिनवर गरजेपेक्षा बराच जास्त वेळ हात धूत राहिलो. तो मागून म्हणाला, "काय रे, मूळव्याधच ना?"

यकृतावर दोन डाग होते. रेडिएशन झालं, केमो झाली, पुण्यात ऑपरेशन झालं, ते माझ्यापेक्षा फार चांगल्या हातांनी झालं. तो जवळजवळ साडेतीन वर्षं होता आणि त्यातली दोन तरी बरी गेली. मी एकदा त्याला त्या फोनबद्दल स्पष्ट बोललो. तो म्हणाला, "तू ये म्हणाला होतास. मीच आलो नाही." मित्र असं बोलणारच. माझे काही सहकारी म्हणतात, यकृतावर तेव्हाच गेलेलं असणार, आठ महिन्यांनी काही फरक पडला नसता. शक्य आहे. ही सवलत मी स्वतःला घेत नाही, एवढंच. आतड्याच्या आत असतानाच गाठ सापडली तर पाच वर्षांनंतर दहातली नऊ माणसं जिवंत असतात. दुसऱ्या अवयवांत पसरल्यावर सापडली तर तोच आकडा दहात एक-दोनवर येतो. मधला प्रवास कधी होतो हे कोणालाच दिसत नाही, म्हणून त्या रकान्यातले महिने मला छळतात.

तेव्हापासून मी फोनवर कोणालाही मूळव्याध आहे असं सांगत नाही. आपल्या तुकडीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर अजिबात नाही. काहींना राग येतो, येऊ दे.

आता काल रात्री जेवताना आलेले प्रश्न. "आपल्या वेळी असलं काही नव्हतं, आता कुठून आलं?" अर्धं खरं आहे. हा आजार भारतात अजूनही पश्चिमेपेक्षा खूप कमी आहे. जगात दरवर्षी सुमारे १९ लाख नवे रुग्ण होतात, भारतातले त्यातले सत्तर हजारांच्या आसपास, आणि आपण जगाच्या लोकसंख्येचा सहावा हिस्सा आहोत. महाराष्ट्राकडे याची जुनी नोंद आहे ही अभिमानाची गोष्ट. मुंबईची कर्करोग नोंदणी १९६३ची, आणि देशातली पहिली ग्रामीण नोंदणी १९८७ साली बार्शीला सुरू झाली. गावोगाव फिरून, पारावर बसून, कोणाला गाठ आहे का हे विचारत ती नोंद झाली. त्या नोंदींत बार्शीकडच्या खेड्यांतलं आतड्याच्या कॅन्सरचं प्रमाण मुंबईपेक्षा बरंच कमी दिसतं. माणसं तीच, भाषा तीच, रक्तही बहुधा तेच. राहणी वेगळी.

डेनिस बर्किट नावाचा एक आयरिश सर्जन युगांडात काम करत होता. त्याच्या लक्षात आलं की इंग्लंडमध्ये जे आतड्याचे आजार सर्रास दिसतात ते तिथल्या खेडूत रुग्णांत जवळजवळ नाहीतच. १९७१ साली त्यानं मांडलं की कोंडा, चोथा, भाजी यांनी भरलेला आहार हे त्याचं कारण. त्याचं सगळंच पुढे टिकलं असं नाही, गोष्ट एकट्या चोथ्याची नव्हती. पण दिशा बरोबर निघाली. जपानमधून अमेरिकेत गेलेल्या लोकांत हे प्रमाण एका-दोन पिढ्यांत अमेरिकनांइतकं झालं. आता जे पक्कं मानलं जातं ते असं: पोटाचा घेर, बैठं काम, दारू, तंबाखू, आणि टिकवण्यासाठी प्रक्रिया केलेलं मांस, म्हणजे सॉसेज, सलामी वगैरे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१५मध्ये ते निश्चित कारणांच्या यादीत टाकलं. आपल्यातल्या शाकाहारी मंडळींनी लगेच टाळ्या वाजवू नयेत. माझ्या वहीत माळकरीही आहेत.

दुसरा प्रश्न, "हा म्हातारपणचा आजार ना?" टाटा मेमोरियलनं २०१७ साली आपल्याकडे एका वर्षात आलेल्या ८०० रुग्णांचा आढावा छापला, त्यात सरासरी वय सत्तेचाळीसच्या आसपास होतं. अमेरिकेत ते पासष्टीच्या पुढे असतं. यात एक मेख आहे हे सांगायला हवं. आपला देशच तरुण आहे, आणि सत्तर वर्षांच्या आजोबांना घरचे मुंबईला नेत नाहीत. म्हणून आकडा आहे तितका भयानक नाही. पण माझ्या टेबलावर तिशीतली माणसं येतात हे खरं आहे, आणि त्यांच्यातल्या काहींच्या गाठी फार दुष्ट जातीच्या असतात. अमेरिकेतही १९९०च्या सुमारास जन्मलेल्यांना गुदाशयाच्या कॅन्सरचा धोका १९५०च्या सुमारास जन्मलेल्यांच्या त्याच वयातल्या धोक्याच्या चौपट निघाला आहे. म्हणजे आपली मुलं. "एवढ्या लहान वयात काय असणार" हे वाक्य घरात वापरू नका.

तिसरा प्रश्न एकीनं बाजूला घेऊन विचारला, घराण्यात येतं का? बहुतेक वेळा नाही, काही वेळा हो, आणि त्या वेळी फार जोरानं. १८९५ साली अमेरिकेत मिशिगनमध्ये वॉर्थिन नावाच्या प्राध्यापकाला त्याच्याकडे शिवणकाम करणारी बाई म्हणाली, की मी तरुणपणीच मरणार, आतड्याच्या नाहीतर गर्भाशयाच्या कॅन्सरनं, आमच्या घरात सगळे असेच जातात. त्यानं हसण्यावारी नेलं नाही, तिच्या घराण्याची वंशावळ लिहून काढली, १९१३ला छापली. ती बाई खरोखरच गर्भाशयाच्या कॅन्सरनं गेली. त्याच दोषाला आज लिंच सिंड्रोम म्हणतात, आणि आईबापांपैकी एकाला तो असला तर प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता निम्मी असते. मला या गोष्टीत आवडतं ते हे की पहिलं निदान त्या शिंपिणीनं केलं. आपल्या घरात कोण कशानं गेलं हे आपल्याला माहीत असतं का? 'पोटाच्या दुखण्यानं गेले' यापुढे बहुतेकांकडे माहिती नाही. म्हातारी माणसं आहेत तोवर विचारून घ्या.

ऑपरेशनबद्दल थोडंच बोलतो, जेवण जायचं आहे. लंडनचा अर्नेस्ट माइल्स यानं १९०८ साली स्वतःच्या जुन्या पद्धतीच्या सत्तावन्न ऑपरेशनांचा हिशेब मांडला. चोपन्न जणांना गाठ परत आली होती. हा आकडा त्यानं छापला, आणि पोट व खालची बाजू अशा दोन्हीकडून सगळं काढायची नवी पद्धत सांगितली. इंग्लंडच्याच हील्ड यानं १९८२मध्ये दाखवलं की गुदाशयाभोवतीचं चरबीचं वेष्टण न फाडता अखंड काढलं तर गाठ तिथे परत येण्याचं प्रमाण एकदम खाली येतं. आज दुर्बिणीतून होतं, यंत्रमानवाकडून होतं, काही निवडक रुग्णांत रेडिएशन आणि केमोनंच गाठ विरघळते आणि ऑपरेशन टळतंही. पण मला माइल्स आवडतो, चोपन्न लिहिणारा.

आणि पिशवी. लोक कॅन्सरपेक्षा जास्त तिला भितात. "मेलो तरी चालेल पण ते नको." पुष्कळ वेळा ती काही महिन्यांपुरती असते. कायमची असली तरी, माझा एक रुग्ण, वय साठ, आळंदी ते पंढरपूर चालत जातो, पिशवीसकट. पहिल्या वर्षी दिंडीतल्या लोकांना कळलं तेव्हा काहींनी ताट बाजूला घेतलं. त्यानं वाद घातला नाही. दुसऱ्या वर्षी त्यांच्यातल्याच एकानं त्याला रात्री बाजूला घेऊन विचारलं, "मला पण रक्त पडतंय, तुमचे डॉक्टर कोण?" तो माणूस माझ्या वहीत आहे, आणि त्याच्या रकान्यात फक्त तीन आठवडे लिहिले आहेत.

आता आपण सगळे छप्पन-सत्तावन्नचे. अमेरिकेत २०२१पासून काही त्रास नसलेल्यांनाही पंचेचाळिसाव्या वर्षी तपासणी सुचवतात. इंग्लंडमध्ये घरी डबी येते, त्यात नमुना भरून पोस्टानं पाठवायचा, त्यातलं न दिसणारं रक्त शोधतात. आपल्या सरकारी तपासणीत तोंड, स्तन आणि गर्भाशयाचं मुख आहे, आतडं नाही, आणि आपल्याकडचं कमी प्रमाण पाहता सरसकट सगळ्यांना कोलोनोस्कोपी करत सुटावं असं मी म्हणणार नाही. पण तीच मळातल्या रक्ताची तपासणी इथल्या लॅबमध्येही होते, आणि ती करून घ्यायला आपल्या वयाला काही हरकत नाही. रक्त दिसलं, सवय बदलली आणि बदललेलीच राहिली, रक्त कमी झालं, वजन उतरलं, तर मात्र ज्याच्याकडे जाल त्याला विचारा, "डॉक्टर, तुम्ही आतून तपासणार ना?" आणि खर्चाची धास्ती असेल तर महात्मा फुले योजनेत कॅन्सरचे उपचार आहेत, कागदपत्रांसाठी मला फोन करा. कागदपत्रांसाठी फोन चालतो.

कोलोनोस्कोपीत दुखत नाही. आदल्या दिवशीचं ते औषध पिणं मात्र छळ आहे. मी स्वतः करून घेतली आहे, रात्र संडासात काढली, आणि आठवीची आकृती आठवली.

आपल्या मित्राचा धाकटा भाऊ आपल्या मागे दोन वर्षं होता. भावाला पन्नाशीच्या आत झालं म्हणजे याची तपासणी व्हायलाच हवी होती. दोन वर्षं तो मला टाळत होता. लग्नात दिसलो की दुसऱ्या पंगतीला जायचा. शेवटी वहिनींनी त्याला रिक्षात घालून आणलं आणि बाहेर बाकावर बसून राहिल्या. डाव्या बाजूला एक कोंब निघाला, बोराएवढा. असा कोंब कॅन्सर व्हायला साधारण दहा वर्षं घेतो. तिथेच कापून काढला. रिपोर्ट साधा आला. वहिनींनी तो दोनदा वाचायला लावला आणि मग विचारलं, पोरांचं कधी करायचं? मी हिशेब सांगितला, वडिलांच्या वयातून दहा वर्षं वजा, म्हणजे एकोणचाळीसाव्या वर्षी, किंवा काही त्रास झाला तर त्याच दिवशी. त्यांनी पर्समधली छोटी डायरी काढून दोघांची सालं लिहून घेतली. भावाची पुढची तपासणी पुढच्या मार्चमध्ये आहे. तो आज मागे उभा आहे, हसतोय, पण तारीख त्यालाही माहीत आहे.